वरचं गोड पाणी

तेबोरा लग्न होऊन तरावा बेटावर आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं तिला विहिरीवर नेलं. विहीर कसली, पुरुषभर खोल खड्डा, त्याला सिमेंटचं कडं आणि वर झाकायला फळकूट. सासूनं काठीला बांधलेला पत्र्याचा डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "काढ पाणी."

तेबोरानं डबा सपकन खाली सोडला. सासूनं तिचं मनगट धरलं.

"ढवळू नकोस. वरचं घे. डबा आडवा धर, पाणी आपण होऊन आत येतं. खाली समुद्र झोपलाय, त्याला कशाला उठवायचं?"

हे सगळं तेबोराला आईनं बेरू बेटावर लहानपणीच शिकवलं होतं. पण नव्या सुनेला शिकवायचा मान सासूचा, म्हणून ती मुकाट्यानं ऐकून घेत राहिली. घाबरल्यामुळं हातून चूक झाली हे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

सासरचं एइता गाव म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी. घराच्या एका अंगाला खाडीचं निवांत पाणी, दुसऱ्या अंगाला महासागराची गाज, मधून एकच रस्ता. डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडतो तो पोवळ्याच्या वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. नारळाचं दूध आटवलं की वर तेल येतं तसा. त्या पातळ थरावर माणसं जगत आली, माड जगत आले आणि विहिरीमागचा बाबाईचा खड्डाही जगत आला.

हा खड्डा तेबोराच्या नवऱ्याचा, तेकोआचा, जीव की प्राण होता. बाबाई म्हणजे अळवाच्या जातीचा अजस्र कंद. त्याच्या पणज्यानं गोडं पाणी लागेपर्यंत हातांनी खणून तो खड्डा केला होता. तेकोआ कमरेएवढ्या चिखलात उतरून एकेका रोपाभोवती केवड्याच्या पातीची विणलेली टोपली बसवायचा, तिच्यात कुजलेला पाला आणि काळी माती भरायचा. कुठला पाला आणि किती, हे बापानं त्याच्या कानात सांगितलं होतं. ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नाही.

"पाल्यात काय घालतोस ते विचारत नाही मी," तेबोरा म्हणायची, "पण माझ्या तोंडाकडं एवढ्या वेळा बघत जा कधी."

"तू खत न घालताही वाढतेस," तो म्हणायचा.

तेकोआ माडी काढणारा माणूस. पहाटे आणि संध्याकाळी माडावर चढायचा आणि वर बसून गायचा. खालून जाणारी माणसं त्याच्या आवाजावरून वेळ ओळखायची. त्यानं उतरवलेली ताजी नीरा गावातल्या निम्म्या तान्ह्या पोरांनी प्यायली होती. गावच्या सभाघरात, मानेआबात, मेजवानी असली की त्याचा कंद दोघे जण बांबूला टांगून आणायचे आणि म्हातारे नुसते मान हलवायचे. त्याच्यात एकच खोट होती, आणि गावाच्या हिशेबानं ती खोट नव्हतीच. त्याला नाही म्हणता येत नसे.

तसं ते कुणालाच येत नाही. नात्यातल्या माणसानं समोर बसून बुबुती केली, म्हणजे तोंड उघडून काही मागितलं, की द्यायचं. न देणारा माणूस मानेआबात खालमानेनं बसतो आणि त्याच्या पोरांनाही ते भोगावं लागतं.

पहिल्यांदा आले ते कौरेमामा, सासूचे धाकटे भाऊ, नोनोउती बेटावरून. मुलाला शाळा हवी होती आणि बायकोच्या डोळ्याला दवाखाना. चटईवर बसून त्यांनी नीरा घेतली, पावसापाण्याचं बोलणं झालं, मग म्हणाले, "तेकोआ, तुझ्या जागेत एक माच टाकायला जागा मागतो."

"टाका की मामा. खाडीच्या बाजूला वारा चांगला आहे."

त्या माचावर केवड्याच्या पातीचं छप्पर आलं. मग मामींची बहीण आली, मग तिचा जावई, मग त्या जावयाचे आईबाप. प्रत्येकाला काही ना काही कारण होतं आणि एकही कारण खोटं नव्हतं. बाहेरच्या बेटांवर खोबरं विकून मीठमिरची सुटत नव्हती, बोट महिनोन्महिने यायची नाही, पोरं शिकली तर ती शिकणार इथंच. सगळ्या बेटांची माणसं या एका पट्टीवर उतरत होती. तेबोराची स्वतःची चार मुलंही वाढली, दोघांची लग्नं झाली, त्यांचीही घरं तिथंच उभी राहिली. माड पाडून जागा केली गेली. पूर्वी घरातून खाडी दिसायची, आता दिसायचं ते शेजाऱ्याचं वाळत घातलेलं धुणं.

"उद्या कुणी येऊन बायको मागितली तर?" तेबोरानं एकदा नवऱ्याला विचारलं.

"तुला कोण मागतंय? मागितलं तरी चार दिवसांत परत आणून घालतील."

ती हसली. पण विहिरीवर सकाळी रांग लागायची आणि तिच्या मनात राग साठत चालला होता. नळ होता, नाही असं नाही. बेटाच्या टोकाला राखून ठेवलेल्या जमिनीतून त्याला पाणी यायचं, पण एक दिवसाआड घटकाभर, आणि पट्टीच्या या भागात पोहोचेपर्यंत नुसती हवा फुसफुसायची. म्हणून सगळा भार विहिरीवर. लहान पोरं डबा सपकन सोडायची, तेबोरा ओरडायची, "आडवा धर, आडवा." पोरांच्या आया तिच्याकडं बघायच्या आणि आपसात काहीतरी बोलायच्या. विहिरीच्या जवळच कुणी संडासाचा खड्डा घेतला, कुणी डुकरं बांधली. पाणी उकळून प्यायचं म्हणून सगळे सांगायचे, पण उकळायला लाकूड कुठून आणायचं ते कुणी सांगत नव्हतं.

मग पावसानं पाठ फिरवली. एक हंगाम कोरडा गेला, दुसराही गेला. माडाच्या झावळ्या खाली लोंबायला लागल्या. नीरा कमी उतरू लागली. चर्चच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीला कुलूप लागलं.

त्याच दिवसांत बेरूवरून रेडिओवर निरोप आला. तेबोराचा धाकटा भाऊ बकोआ बायकापोरांना घेऊन बोटीनं येतोय. त्यांच्या वाडीतली विहीर पूर्ण खारी झाली होती आणि सरकारी बोटीनं आणलेलं पाणी वाटणीला येत नव्हतं.

निरोप आला तेव्हा तेबोरा चुलीजवळ होती. इतकी वर्षं नवऱ्याच्या नातेवाइकांवर ती तोंडसुख घेत आली होती. आता मागायची पाळी तिच्यावर होती. संध्याकाळी तेकोआ माडावरून उतरला, तेव्हा ती चटई अंथरून त्याच्यासमोर बसली, अगदी परक्या माणसानं बसावं तशी.

"बुबुती आहे," ती म्हणाली.

तेकोआनं तिला पुढचं बोलूच दिलं नाही. "विहिरीच्या मागं जागा आहे. डुकरं हलवू."

ती खाली मान घालून रडली. एका शब्दानं तरी त्यानं तिला टोचायला हवं होतं, असं तिला वाटत होतं.

बकोआ आला. त्याच्याबरोबर त्याची बायको रोतिया, पाच मुलं आणि रोतियाची म्हातारी आई. बकोआ तरुणपणी परदेशी मालवाहू जहाजावर कामाला होता. दांडगा, हसरा, हातात काही ना काही काम असलेला माणूस. आल्या आठवड्यात त्यानं मेहुण्याची होडी डांबरली, मामांच्या घराचं छप्पर शाकारलं, आणि सगळ्यांशी त्याची गट्टी जमली. नोनोउतीवाले आणि बेरूवाले एकमेकांची टिंगल करायचे, त्यातही तो पुढे.

"बेरूची माणसं गोड बोलतात," कौरेमामा म्हणायचे, "कारण तिकडं दुसरं गोड काही उरलं नाही."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो, मामा," बकोआ म्हणायचा. "तुमची जीभ तेवढी आधीच आंबलेली निघाली."

सकाळी बहीण विहिरीवर वाकून वाकून पाणी काढते, तिच्यानंतर बायकांची रांग उन्हं चढेपर्यंत हलत नाही, हे त्याला बघवेना. एक दिवस तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बेतिओ बंदराच्या बाजारातून एक पंप घेऊन आला. जहाजावरच्या जुन्या मित्रानं दिला होता. त्यानं मातीच्या ढिगावर प्लॅस्टिकची टाकी बसवली, नळी टाकली, वीज जोडली.

"ताई, आजपासून तुझी पाठ सरळ," तो म्हणाला. "तोटी फिरवायची आणि बादली लावायची."

तेबोरानं विहिरीत डोकावून बघितलं. नळीचं तोंड पाण्यात गेलेलं होतं. सासूनं आपलं मनगट धरलं होतं ते तिला आठवलं. नळी वर घे, असं तिच्या ओठावर आलं होतं, पण बायका टाळ्या पिटत होत्या, पोरं तोटीखाली डोकी धरत होती, आणि भावाचा चेहरा इतका आनंदानं फुलला होता की ती गप्प बसली. कुणा नोनोउतीवाल्यानं हा पंप आणला असता तर तिनं तो तिथल्या तिथं उपटून टाकला असता, हे तिला त्याही वेळी कळत होतं.

तेकोआनं एवढंच विचारलं, "नळी किती खाली आहे?"

"हातभर सुद्धा नाही, भावोजी. वरचंच ओढतोय."

आणि ते खरंही होतं. पण पाणी सोपं झालं की जास्त लागतं. धुणी तोटीवर यायला लागली, आंघोळी यायला लागल्या, रस्त्यापलीकडची माणसंही बादल्या घेऊन यायला लागली. तीही कुणाच्या ना कुणाच्या नात्यातलीच. पाणी खाली गेलं की टाकी भरेना, ती भरली नाही की लोक कुरकुर करत, मग बकोआ नळी थोडी खाली सोडी. सगळ्यांसाठीच तर करत होता तो.

चहाला खारट चव यायला लागली ती हळूहळू. सुरुवातीला साखर जास्त घातली की भागायचं. मग रोतियाची धाकटी पोरगी, तिओन्ता, जेमतेम चालायला लागलेली, पाणी तोंडात घेऊन थुंकायला लागली. मग बाबाईच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या.

तेकोआ रोज खड्ड्यात उतरून एकेक पान हातात घेऊन बघायचा. एके सकाळी त्यानं सगळ्यात जुना कंद उपटला. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या मेजवानीसाठी राखून ठेवला होता तो. तेबोरा कडेला उभी होती. बाहेरून कंद चांगला दिसत होता. त्यानं कोयता घातला तर आत करडा, मऊ पडलेला गाभा आणि आंबूस घाण वास. तेकोआनं दुसरा उपटला. तिसरा उपटला. मग कोयता चिखलात टाकून तो काठावर येऊन बसला. त्या संध्याकाळी तो माडावर चढला, पण गाणं ऐकू आलं नाही.

सगळे जमले तेकोआच्या माचासमोर. कौरेमामा वयानं मोठे, त्यांनीच तोंड उघडलं.

"इतकी वर्षं आम्ही इथं आहोत. डब्यानं पाणी काढलं, कधी खारं झालं नाही. बेरूवाले स्वतःचा समुद्र बरोबर घेऊन आले म्हणायचे."

कुणी हसलं नाही. बकोआचा चेहरा उतरला.

"मामा, पाणी तुम्हीही तोटीचंच भरलंत."

"तू दिलंस म्हणून भरलं. नको म्हणायला आम्ही काय उद्धट आहोत?"

"पंप बंद करू," बकोआ म्हणाला. "नळी वर घेऊ. चार दिवस थांबू या."

"चार दिवसांनी पणजोबा येऊन कंद लावणार आहेत का?" कुणीतरी मागून म्हणालं.

तेकोआ खाली बघत होता. त्यानं काही बोलावं म्हणून सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि तो बोलणार नाही हे तेबोराला माहीत होतं. तो कुणालाही जा म्हणाला नसता, अगदी शेवटचा थेंब संपला तरी. मग त्या सगळ्या नजरा तिच्याकडं वळल्या.

"बकोआ, पंप काढ," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण मोठ्या बहिणीनं, सासरच्या सगळ्या माणसांसमोर, भावाला नावानं हाक मारून म्हटलेलं ते वाक्य होतं. बकोआ उठला, विहिरीवर गेला आणि पंप काढायला लागला. नळी गुंडाळताना त्याचे हात अगदी सावकाश चालत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं टाकीही उतरवली आणि सामान बांधलं.

"मी फक्त पंप म्हटलं," तेबोरा म्हणाली. "तू कुठं चाललास?"

"बेतिओला. जहाजावरचा मित्र आहे."

"तिथं पाय ठेवायला जागा नाही."

"जागा इथंही नव्हती, ताई. तू केली होतीस." तो रागावून बोलला नाही. ते तिला जास्त लागलं.

रोतियाच्या आईनं जाताना तेबोराचे दोन्ही हात हातात घेतले. तिओन्ता आईच्या कडेवर झोपलेली होती. बस सुटली आणि पाण्यासाठी बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका परत आपापल्या घराकडं गेल्या. तेबोराला त्या क्षणी उमगलं की विहीर एकट्या पंपानं खारी झाली नव्हती. ती खारी केली होती सगळ्यांनी मिळून, तिच्या स्वतःच्या सुनांनी आणि नातवंडांनीसुद्धा. तिला घालवता येण्यासारखी होती ती फक्त तिची माणसं, म्हणून ती गेली.

विहीर सुधारली नाही. लोक पुन्हा डब्यानं पाणी काढू लागले, आडवा धरून, अगदी शिस्तीत. पाणी कपडे धुण्याच्या लायकीचं राहिलं. प्यायचं पाणी टँकरनं यायला लागलं, त्याच्यामागं पोरं पळायची आणि मोठी माणसं भांडायची. माडांची फळं मुठीएवढी व्हायला लागली. पुढच्या वर्षी कौरेमामांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मामा चटईवर येऊन बसले. घराला जागा नव्हती. बाबाईचा खड्डा रिकामाच पडलाय, बुजवला तर एक घर होईल.

"घ्या, मामा," तेकोआ म्हणाला.

त्यांनी नारळाच्या सालींनी, फुटक्या बादल्यांनी, खाडीतल्या वाळूनं तो बुजवला. तेकोआनंही फावडं घेऊन मदत केली. बापानं कानात सांगितलेलं त्यानं शेवटी थोरल्या मुलाला सांगितलं का, असं तेबोरानं विचारलं, तर तो म्हणाला, "कशाला सांगायचं?"

मग एकदाचा पाऊस झाला. फार नाही, पण चर्चची टाकी भरली आणि घरच्या पिंपातही पाणी साठलं. तेबोरानं दोन कॅन भरले आणि ती बसनं बेतिओला गेली. इतक्या दिवसांत भावाचा निरोप नव्हता आणि तिचीही हिंमत झाली नव्हती. विचारत विचारत ती पोहोचली. भिंतीला भिंत लागून पत्र्याची घरं, मधून माणूस अंग तिरपं करूनच जाईल अशी वाट, आणि शेवटी समुद्र अडवायला रचलेल्या वाळूच्या पोत्यांना टेकून बकोआचं घर. भरतीला पाणी दाराशी येत असणार, ओल अजून दिसत होती.

रोतिया तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं, हसली, जागा करून दिली. चौघं मुलं आली आणि आत्याच्या भोवती बसली. तेबोरानं पाचवीला शोधलं. मग तिला दाराच्या बाजूला पांढऱ्या पोवळ्याच्या खड्यांनी आखलेला एक लहानसा चौकोन दिसला. दोन हातांची लांबीही नव्हती त्याला. त्यावर रंग उडालेली प्लॅस्टिकची फुलं होती.

"कधी?" तिनं विचारलं.

"हगवण लागली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे आत गेले होते." रोतिया तांदळाकडंच बघत होती. "कोरड्या हंगामात."

"मला कळवलं नाहीत." तेबोरा म्हणाली. मयताला बहिणीला न बोलावणं म्हणजे नातं संपलं असं सांगणं. "इतका राग?"

रोतियानं मान हलवली. "राग नव्हता, ताई. ते म्हणाले, माणसं येतील, तीन दिवस राहतील. त्यांना प्यायला पाणी द्यावं लागेल. आपल्याकडं आहे कुठं? म्हणून कुणालाच कळवलं नाही. त्यांनी, आमच्या आईनं आणि शेजाऱ्यानं मिळून पुरलं."

बकोआ संध्याकाळी बंदरावरून आला. वाळला होता. बहिणीला बघून तो उभा राहिला, कॅनकडं बघितलं, मग किटली घेतली आणि तिनं आणलेलं पाणी ओतून चहा ठेवला. पहिला पेला त्यानं तिला दिला, दोन्ही हातांनी, पाहुण्यांना देतात तसा. स्वतः दारात बसला.

"चहा चांगला झालाय," तेबोरा म्हणाली.

"पाणी चांगलं आहे," तो म्हणाला.

तिला माफी मागायची होती. पण माफी मागितली की तो ती देणार, कारण मागितलेलं द्यावंच लागतं, आणि तसली माफी तिला नको होती. ती रिकामे कॅन घेऊन बसनं परत आली. तेकोआला तिनं सांगितलं. तो उठून पिंपाचं झाकण नीट लावून आला.

त्यानंतर पाऊस होता तोवर ती दर पंधरवड्याला बेतिओला जायची. बकोआ चहा करायचा. पोरं तिच्याशी खेळायची. रोतिया पुन्हा गरोदर होती. पाऊस थांबला, पिंपाचा तळ दिसायला लागला, आणि आता घरच्या नातवंडांचं काढून तिकडं न्यायचं कसं, हे तिला कळेना. रिकाम्या हातांनी जायची लाज वाटायची. एक पंधरवडा ती गेली नाही, मग दुसराही तसाच गेला. रोतियाला मुलगा झाल्याचं तिला बसवाल्याकडून समजलं. अजून पाऊस नाही, आणि ती अजून गेलेली नाही.